नागपूरची ब्रिटिशकालीन संध्याकाळ: खेड्यावरून येणाऱ्यांनी फेरी कशी आखावी

नागपुरातल्या इंग्रजांच्या काळच्या इमारती गाइडसोबत संध्याकाळी पाहायच्या असतील, तर आखणी नागपूरपासून सुरू करू नका. गावच्या मुक्कामी एसटीपासून सुरू करा. शहरातल्या माणसाची फेरी सातला संपली काय नि साडेआठला संपली काय, त्याला घरी जायला ऑटो मिळतोच. तुमची मुक्कामी गाडी तालुक्याच्या स्टँडवरून आठ-साडेआठला सुटत असेल आणि तालुका नागपूरहून दोन तासांवर असेल, तर सहाच्या आत नागपूर सोडावं लागतं. म्हणजे दगडावर शेवटचं ऊन पडतं त्या वेळेला तुम्ही गणेशपेठच्या स्टँडवर गाडीची पाटी वाचत उभे. अशा वेळी फेरी अर्धी टाकून पळण्यापेक्षा ती न केलेली बरी.

तेव्हा पहिला निर्णय परतीचा. नागपुरात नातेवाइकाकडे किंवा धर्मशाळेत रात्र काढणार असाल तर काही प्रश्नच नाही. वर्धा-पुलगाव-बडनेरा, काटोल-नरखेड, भंडारा रोड-गोंदिया किंवा हिंगणघाट-वरोरा या मार्गांवरच्या गावांना रेल्वे आहे. पण रात्रीची गाडी दीड तास उशिरा आली तर स्टेशनवरून घरी न्यायला कोण येणार, हे सकाळीच ठरवून निघा. दहा-बारा जण जमत असतील तर क्रूझरसारखी गाडी ठरवणं सगळ्यात सोपं. भाडं ठरवताना टोल, पार्किंग, ड्रायव्हरचं जेवण आणि ‘रात्री किती वाजेपर्यंत’ या चार गोष्टी आधीच बोलून घ्या. नंतरची सगळी कुरबुर यांच्यावरूनच होते. ड्रायव्हरला दुपारी दोन तास झोपू द्या. कापसाच्या हंगामात रात्री गंजीएवढे भरलेले ट्रॅक्टर मागच्या दिव्याशिवाय चालतात, आणि वावरातून रोही, रानडुक्कर कधी आडवं येईल सांगता येत नाही.

एसटीने येणाऱ्यांनी आधार कार्ड जवळ ठेवा. महिलांना निम्मं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं आणि ७५ च्या वर मोफत. पण वयाचा पुरावा मागितला की पिशवी उपसत बसावं लागतं.

दिवस कोणता धरावा

उन्हाळ्यात नको. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, आणि दिवसभर तापलेला दगड नि डांबर सूर्य मावळल्यावरही तास-दोन तास झळा सोडत राहतात. म्हाताऱ्या माणसांना ते सोसत नाही. पावसाळ्यात ढगांमुळे संध्याकाळचा उजेडच मिळत नाही. राहिला हिवाळा, पण त्यातही डिसेंबर टाळा. त्या महिन्यात बहुतेक वेळा विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात असतं. सिव्हिल लाइन्समध्ये बॅरिकेड, जागोजागी पोलीस, मोर्च्यांमुळे वळवलेले रस्ते. ज्या भागात फिरायचं तोच बंद. शिवाय डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य साडेपाचलाच मावळतो. नोव्हेंबरात वेचणी चालू असते, तेव्हा गावातून माणसं निघत नाहीत.

म्हणून जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जानेवारीच्या अखेरीस सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, फेब्रुवारीच्या मध्याला सव्वासहाच्या आसपास. त्यानंतर वीसेक मिनिटं संधिप्रकाश राहतो. वार म्हणाल तर सोमवार नको, कारण अजब बंगला, म्हणजे संग्रहालय, बंद असतो. शनिवार-रविवारी कोर्टकचेऱ्यांची गर्दी नसल्याने सिव्हिल लाइन्सचे रस्ते मोकळे असतात. दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास लाखो लोक दीक्षाभूमीला येतात, तेव्हा राहायला जागा मिळत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या शहरात मारबतीची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक असते. तिच्यासाठी वेगळा दिवस काढून या. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना फितूर झालेली भोसले घराण्यातली बाकाबाई, असं लोक सांगतात, तेव्हा तीही या विषयाला धरूनच आहे.

गाइड पारखून घ्या

परवानाधारक गाइडकडे ओळखपत्र असतं, ते पाहायला मागण्यात गैर काही नाही. मोबदला माणशी की एकूण, किती तास, तिकिटं त्यात धरली आहेत का, पाऊस आला तर काय, हे फोनवर न ठरवता मेसेजवर लिहून घ्या. आगाऊ रक्कम पाव हिश्श्याहून जास्त देऊ नका. एका गाइडमागे १२ ते १५ माणसं ठीक. वीसच्या वर गेलं की मागच्यांना फक्त हॉर्न ऐकू येतात. शाळेची सहल असेल तर दोन तुकड्या करा आणि गाइडकडे गळ्यातला छोटा स्पीकर आहे का ते विचारा.

गाइडला विषय किती कळतो हे तपासायला एकच प्रश्न पुरतो: वऱ्हाड आणि नागपूर इंग्रजांकडे कसे गेले? दोन्हीचं उत्तर वेगळं आहे. नागपूरचे तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले, औरस वारस नाही म्हणून गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केलं आणि १८५४ मध्ये ते कंपनीच्या मुलखात गेलं. पुढे १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी. वऱ्हाड मात्र निजामाचं होतं. फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी १८५३ मध्ये ते इंग्रजांच्या कारभाराखाली आलं, १९०२ मध्ये कायमच्या भाडेपट्ट्याने दिलं गेलं आणि १९०३ पासून मध्य प्रांताच्या कारभाराला जोडलं गेलं. म्हणजे अकोला-अमरावती-यवतमाळच्या माणसाचा पणजोबा आणि भंडारा-चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) माणसाचा पणजोबा वेगवेगळ्या दाराने एकाच साहेबाच्या कचेरीत पोचले. जो गाइड ‘सगळं इंग्रजांनी जिंकलं’ एवढंच सांगून पुढे सरकतो, त्याच्यापेक्षा दुसरा बघा.

भाषेचंही आधीच सांगा. काही गाइडांना हिंदी-इंग्रजीचीच सवय असते. मराठीतून सांगणारा मिळाला की बाया-बापड्याही प्रश्न विचारतात, आणि फेरीची खरी गंमत त्या प्रश्नांतच आहे.

क्रम आणि वेळ

बहुतेक जण आधी झिरो माइलचा खांब पाहतात, कारण ते मध्यावर आहे. आमच्या मते ते शेवटी ठेवावं. आत जाऊन पाहायचं ते आधी, उन्हात खुलणारं मध्ये, बॅटरीच्या उजेडात जमणारं शेवटी, असा क्रम लावला की वेळ बसते. खालच्या वेळा फेब्रुवारीच्या हिशेबाने आहेत.

दुपारी साडेतीन: अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय. १८६३ मध्ये, सर रिचर्ड टेंपल चीफ कमिशनर असताना हे सुरू झालं. नाणी, शिलालेख, मूर्ती, पेंढा भरलेले प्राणी, गोंडांच्या वस्तू असं सगळं एका छपराखाली आहे. संध्याकाळी लवकर बंद होतं आणि आत सोडणं त्याच्याही आधी थांबतं, म्हणून इथे उशीर चालत नाही. एखादं दालन दुरुस्तीसाठी बंद असू शकतं; सकाळी फोन करून विचारा. सव्वा तास पुरे. मुलं वाघापाशीच अडकतात, त्यांना शेवटी तिकडे न्या. निघण्यापूर्वी सगळ्यांनी इथेच बाथरूम उरकावं. पुढचा भरवशाचा ठिकाणा थेट रेल्वे किंवा मेट्रो स्टेशन.

पावणेपाच: गाडीने किंवा ऑटोने सिव्हिल लाइन्स. वाटेत विधानभवन बाहेरूनच दिसतं. पुढे जीपीओची, म्हणजे मुख्य टपाल कचेरीची, इमारत. दोन मिनिटं थांबलं तरी पुरे. मग हायकोर्ट, आणि इथे जरा वेळ द्या. नागपूरला स्वतःचं उच्च न्यायालय १९३६ मध्ये मिळालं. या इमारतीचा कोनशिला समारंभ ९ जानेवारी १९३७ ला गव्हर्नर सर हाइड गोवन यांच्या हस्ते झाला आणि ६ जानेवारी १९४० ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी ती खुली केली. आराखडा एच. ए. एन. मेड यांचा; हे गृहस्थ नवी दिल्लीच्या बांधकामावर काम केलेले, म्हणून घुमट पाहताना दिल्लीची आठवण येते. खर्च ७ लाख ३७ हजार ७४६ रुपये. मधला घुमट जमिनीपासून १०९ फूट. पहिले मुख्य न्यायाधीश सर गिल्बर्ट स्टोन यांनी उद्घाटनाच्या वेळी तिला दगडातली कविता म्हटलं होतं. १९५६ नंतर ते मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ झालं. त्यापूर्वीच्या जुन्या निकालांत ‘नागपूर हायकोर्ट’ हे नाव भेटतं, ते याच कोर्टाचं.

हायकोर्टाच्या आत जायचा आग्रह धरू नका. रस्त्याच्या पलीकडून पाहा, गेटवरच्या पोलिसाला विचारल्याशिवाय फोटो काढू नका, आणि ड्रोन तर घरीच ठेवा. राजभवन आणि सीताबर्डीचा किल्ला यांनाही हेच लागू. गाइड ‘माझी ओळख आहे’ म्हणाला तरी.

पाच पस्तीसला तिथून हला. संध्याकाळच्या गर्दीत स्टेशनपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जातात, आणि नागपूर स्टेशनची जुनी इमारत सूर्य मावळण्याआधी गाठायची आहे. तिचं तोंड पश्चिमेला, म्हणून मावळतीचं ऊन समोरून दर्शनी भागावर येतं आणि वालुकाश्माचा रंग दर पाच मिनिटांनी बदलतो. पश्चिमेच्या मुख्य दाराकडेच उतरा. संत्रा मार्केटच्या बाजूने आलात तर यातलं काही दिसणार नाही. ऑटो-टॅक्सींच्या रांगेत उभं न राहता जरा मागे, कडेला सरका. गाइडने भिंतीकडे पाठ करून आणि मंडळींनी सूर्याकडे पाठ करून उभं राहावं, नाहीतर सगळे डोळे बारीक करून ऐकतात आणि कोणी काही पाहत नाही. बाहेरून पाहायला तिकीट लागत नाही. फलाटावर जायचं असेल तर प्लॅटफॉर्म तिकीट काढा.

आजची इमारत १५ जानेवारी १९२५ ला गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी खुली केली. रेल्वे मात्र त्याच्या कितीतरी आधी, १८६७ मध्ये भुसावळ-बडनेरा-वर्ध्यावरून नागपूरला पोचली होती. गाइडला इथे कापसाबद्दल बोलतं करा. ही लाइन वऱ्हाडातून आली ती इथली पऱ्हाटी बघूनच. रेल्वे आल्यावर दहा वर्षांत, १ जानेवारी १८७७ ला, जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची घोषणा त्याच दिवशी झाली, म्हणून मिलला हे नाव. कापूस पिकतो तिथेच सूत काढावं, हा त्यांचा हिशेब. आज त्या जागी मॉल आहे. ‘मग आमच्या तालुक्याच्या जिनिंगमधून रुईच्या गाठी मुंबईला का जायच्या?’ असं कोणी विचारलं तर गाइडला घाई करू देऊ नका. इमारतीच्या कमानी मोजण्यापेक्षा हा प्रश्न मोलाचा आहे.

स्टेशनसमोरच सीताबर्डीची टेकडी. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला इथे अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली. भोसले हरले आणि त्यानंतर इंग्रजांनी टेकडीवर किल्ला बांधला. किल्ला लष्कराकडे आहे. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट असे मोजके दिवस तो लोकांसाठी उघडतात. त्या दिवशी जायचं असेल तर आदल्या दिवसाच्या पेपरात वेळ पाहा आणि ओळखपत्र घ्या. एरवी टेकडीच्या गणपतीला हात जोडून खालूनच बघायचा.

झिरो माइल: बॅटरी घेऊन

स्टेशनपासून झिरो माइल पायी साधारण एक किलोमीटर. म्हातारी माणसं असतील तर मेट्रो घ्या: नागपूर रेल्वे स्टेशनवरून सीताबर्डी, तिथे मार्ग बदलून पुढचंच स्टेशन झिरो माइल फ्रीडम पार्क. सीताबर्डीला मजले बदलताना माणसं चुकतात, म्हणून एक जण पुढे, एक जण मागे आणि सरकत्या जिन्याला घाबरणाऱ्यांना लिफ्ट. ज्यांनी मेट्रो कधी पाहिली नाही त्यांना फेरीतलं हेच जास्त लक्षात राहतं, आणि त्यात वावगं काही नाही.

साडेसहाच्या सुमारास तिथे पोचलात की अंधार पडत आलेला असतो. खांब, चार घोडे आणि बाजूला अंतरं कोरलेला सहा बाजूंचा दगड. ‘हा भारताचा मध्यबिंदू’ असं नव्वद टक्के वेळा ऐकायला मिळेल. ऐकून घ्या, पण हे ठाण १९०७ चं आहे आणि ते इंग्रजांनी देश मोजला त्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातलं उंचीचं प्रमाण-चिन्ह म्हणून उभारलेलं. समुद्रसपाटीपासून इथली उंची १०२०.१७१ फूट अशी नोंद आहे. मीटरमध्ये जवळपास ३११. पाटबंधाऱ्याच्या किंवा रस्त्याच्या कामात ओव्हरसिअर लेव्हल घेताना ज्या ‘बेंचमार्क’चं नाव काढतो, तसलाच हा एक, फक्त मोठ्या घरचा.

अक्षरं झिजलेली आहेत. समोरून टॉर्च मारला तर सगळा दगड पांढरा पडतो आणि काहीच वाचता येत नाही. मोबाइलचा टॉर्च दगडाच्या एका कडेला, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून धरा. उजेड आडवा पडला की प्रत्येक खाचेत सावली बसते आणि अक्षरं उठून दिसतात. एकाने टॉर्च धरायचा, दुसऱ्याने वाचायचं. चांदा, रायपूर, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल ही नावं शोधा, स्पेलिंग जुन्या वळणाची आहेत. हैदराबाद ३१८ मैल. पोरांना १.६ ने गुणायला लावा, ५०९ येतं. कठडा ओलांडू नका, दगडावर खडू किंवा पाणी लावून अक्षरं उठवू नका. आवार बंद असेल तर कठड्याबाहेरूनच दोन टॉर्च दोन बाजूंनी धरून बघा, थोडंफार जमतं.

हिंगणघाटच्या मंडळींसाठी आणखी एक गोष्ट. हे सर्वेक्षण १८०२ मध्ये मद्रासपासून सुरू करणारे विल्यम लँबटन नागपूरकडे येत असताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. नागपूरच्या गाइडला बहुधा ते ठाऊक नसतं, तुम्ही सांगा.

झिरो माइलला लागूनच गोवारी शहीद स्मारक आहे. ते इंग्रजांच्या काळचं नाही म्हणून गाइड पुढे जातात. २३ नोव्हेंबर १९९४ ला मोर्च्यातल्या चेंगराचेंगरीत गोवारी समाजाची ११४ माणसं गेली, त्यातली कितीतरी आपल्यासारख्या खेड्यांतून आली होती. तिथे दोन मिनिटं थांबा. २३ नोव्हेंबरला मात्र ही फेरी ठेवू नका. त्या दिवशी लोक तिथे अभिवादनाला येतात.

वेळ उरलाच तर कस्तुरचंद पार्क मेट्रोने पुढचंच स्टेशन. मैदानाच्या मध्यावर छत्रीसारखं बांधकाम आहे, आणि जून २०२० मध्ये याच मैदानात जमिनीखालून चार तोफा निघाल्या. अंधारात यापलीकडे तिथे पाहण्यासारखं नाही. लहान मुलं सोबत असतील तर सोडून द्या.

कुठे फसतं

सगळ्यात जास्त वेळ रस्ता ओलांडण्यात जातो. व्हरायटी चौक आणि संविधान चौकात संध्याकाळी सिग्नल एकदम बदलतो, निम्मी माणसं अलीकडे नि निम्मी पलीकडे राहतात. सगळे ओलांडून येईपर्यंत गाइडने बोलायला सुरुवात करायची नाही, हे आधीच ठरवा. प्रत्येक थांब्यावर डोकी मोजायचं काम एकाच माणसाकडे द्या. ‘सगळे आले का?’ असं विचारलं की सगळे हो म्हणतात.

मोबाइल संध्याकाळपर्यंत मरतात, कारण दुपारपासून फोटो चालू असतात. गटात दोन पॉवर बँक असाव्यात, आणि ड्रायव्हरचा नंबर निदान तिघांच्या कागदावर लिहिलेला असावा. पायांत चपलेऐवजी बूट किंवा पट्ट्याचे सँडल. फूटपाथ सलग नाहीत. शाल किंवा दुपट्टा लागतोच, फेब्रुवारीतही सातनंतर उघड्या गाडीत थंडी बाधते. माणशी एक लिटर पाणी. साखरेचा त्रास असलेल्यांनी साडेपाचला स्टेशनच्या वाटेवर काहीतरी खाऊन घ्यावं. जेवण नऊच्या आधी होत नाही. सावजीचा रस्सा खायची हौस असेल तर परतीचा प्रवास दोन तासांचा आहे हे आठवून खा. नाहीतर घरून पोळी-झुणका बांधून आणलेलाच बरा.

गाइडचे उरलेले पैसे झिरो माइलवर, सगळ्यांसमोर द्या. ड्रायव्हरला फोन मात्र त्याच्या आधी करा. गर्दीच्या वेळी पार्किंगमधून गाडी निघून तुमच्यापर्यंत यायला वीस मिनिटं लागतात, आणि तिथे रस्त्यावर गाडी उभी करू देत नाहीत.